परामानसशास्त्राचं पहिलं पुस्तक

लातूरच्या एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवणारे रामलिंग सर दोन गोष्टींसाठी ओळखले जायचे. एक म्हणजे त्यांचं शिकवणं आणि दुसरी म्हणजे त्यांची जीभ. सुटीच्या दिवशी ते गावोगाव जाऊन अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं द्यायचे. हदगावला त्यांनी जिभेवर कापूर पेटवून दाखवला, मुखेडच्या बाजारात सगळ्यांदेखत नारळातून करणी काढली. लोक पोट धरून हसायचे. ज्याची टिंगल व्हायची, तो मात्र मान खाली घालून निघून जायचा आणि पुन्हा व्याख्यानाकडे फिरकायचा नाही. त्याचं पुढे काय झालं, हे सरांनी कधी विचारलं नाही. मूर्खांची चौकशी कशाला करायची!

त्या रविवारी सरांच्या घरी त्यांच्या कामातले चार-पाच मित्र जेवायला होते. उदगीरहून सरांची थोरली बहीण अंबिकाअक्का आली होती. अक्काचे यजमान शिवप्पा उदगीरच्या मोंढ्यातले भुसार व्यापारी. मागच्या दिवाळीआधी निलंग्याहून परतताना त्यांच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं आणि ते जागच्या जागी गेले. तेव्हापासून अक्का फारशी बोलत नसे. म्हणून पंगतीत तिनं तोंड उघडलं, तेव्हा सगळे ऐकू लागले.

"तम्मा," ती धाकट्या भावाला लहानपणापासून असंच म्हणायची, "तुझ्यापाशी एवढी पुस्तकं हायत. ते परामानसशास्त्र म्हणतात, त्याचं एखादं सोपं पुस्तक देतोस का? पहिल्यापासून समजेल असं."

"कशाचं?" सरांचा घास हातातच राहिला.

"माणूस लांब असला तरी त्याच्या मनातलं कळतं का, हाक ऐकू येते का, त्याचा अभ्यास करतात म्हणे. हे गेले त्या वक्ताला मी भाकरी थापून राहिले होते. मला साफ ऐकू आलं, 'अंबे'. मी दारात जाऊन बघून बी आले. मग फोन आला. हे काय असंल, ते मला वाचायचं हाय."

सर आधी गालातल्या गालात हसले, मग मोठ्यानं.

"घ्या! आमच्याच घरात भुताखेतांचं महाविद्यालय निघालं! अक्का, त्याचं पुस्तक नसतं. त्यासाठी पिंपळाखाली बसावं लागतं, हातात लिंबू घेऊन!"

मित्र हसले. एक जण म्हणाला, "शिवप्पांनी वरून फोन करायचा होता, हाक कशाला मारली?" यावर तर हशा आणखी वाढला. वाढायला उभी असलेली सरांची बायको आरती तेवढी हसली नाही. अक्कानं ताटातला भात संपवला, हात धुतला आणि दुपारच्या एसटीनं ती उदगीरला निघून गेली.

तिला भूत नको होतं की गंडा नको होता. तिनं पुस्तक मागितलं होतं! पण एवढा साधा फरक त्या पंगतीतल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आला नाही.

पुस्तक मिळालं नाही, म्हणून अक्कानं फोनला विचारलं. फोनला दयामाया नसते. एकदा विचारलं की तो जन्मभर पुरवत राहतो. आत्म्याशी बोलणारे, डोळे बांधून अक्षरं वाचणारे, मृतांचे निरोप आणणारे असे एकापाठोपाठ एक येऊ लागले. त्यांतूनच तिला डॉक्टर सत्यम सापडले. हे कशाचे डॉक्टर, ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. 'परामानसशास्त्र : प्राथमिक ओळख. नांदेड येथे शिबिर.' प्राथमिक! अक्काला हवा होता तोच शब्द. तिनं नाव नोंदवलं.

आरतीकडून ही बातमी कळली तेव्हा सरांना बहिणीची काळजी वाटली का? थोडी वाटली असेल. पण त्याहून जास्त त्यांचे हात शिवशिवले. आयती शिकार चालून आली होती.

शिबिराच्या सकाळी सर डोक्याला रुमाल गुंडाळून नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात मागच्या रांगेत जाऊन बसले. अक्का पहिल्या रांगेत होती, तिनं त्यांना पाहिलं नाही. चहाच्या वेळी सत्यमची गोड बोलणारी माणसं प्रत्येकाजवळ जाऊन विचारपूस करू लागली. सरांनी लगेच डाव ओळखला. रडवेल्या आवाजात त्यांनी सांगून टाकलं, "माझी बायको भामा. गोदावरीत बुडाली हो."

मग डॉक्टर सत्यम मंचावर आले. रेशमी झब्बा, कानावर रुळणारे केस आणि त्या केसांआड लपलेलं इवलंसं यंत्र. अभ्यास, प्रयोग, पुरावा यांतलं काही नव्हतं. 'लहरी' हा शब्द मात्र दर वाक्याला येत होता. लहरी म्हणजे काय, हे सरांच्या वर्गातल्या पोरांना जेवढं कळतं तेवढंही या गृहस्थाला कळत नव्हतं. पण समोर बसलेल्यांना लहरी नको होत्या, त्यांना आपलं गेलेलं माणूस हवं होतं. आणि तो त्याच भुकेवर जेवत होता.

"उदगीरची एक भगिनी इथे आहे," डोळे मिटून तो म्हणाला. "तिला कुणीतरी बोलावतंय. अंबे... अंबे..."

अक्का ताडकन उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा उजळला होता. कितीतरी महिन्यांनी तो तसा दिसत होता.

"ते म्हणतात, मी सुखात आहे."

"हाव," अक्का हात जोडून म्हणाली, "मी ऐकलं होतं. मी खरंच ऐकलं होतं!"

थोड्या वेळानं सत्यमनं पुन्हा डोळे मिटले. "आता पाणी दिसतंय. खूप पाणी. भामा... भामा नावाची एक बाई पतीला शोधते आहे."

रामलिंग सर उठले, रुमाल काढला आणि तरातरा मंचावर गेले. मंचावरचा ध्वनिक्षेपक फोनजवळ धरून त्यांनी घरी फोन लावला.

"आरती, कुठं आहेस?"

"स्वयंपाकघरात. का हो? येताना कोथिंबीर आणा, घरातली संपली."

"ऐकलंत? माझी एकुलती एक बायको! बुडाली नाही, लातुरात कोथिंबिरीची वाट बघते आहे! भामा हे नाव मी मघाशी चहा पिताना याच्या चेल्याला सांगितलं. आणि हे बघा, याच्या कानातला परलोक!" सरांनी सत्यमच्या कानातलं यंत्र काढून वर धरलं.

एकच गलका झाला! लोक खुर्च्यांवर चढले. सत्यम मागच्या दारानं पळाला. त्याचा रेशमी झब्बा दाराच्या कडीत अडकून फाटला, तोही लोकांनी मनसोक्त पाहिला. टाळ्या थांबेनात. इथं सरांनी थांबायला हवं होतं. पण टाळ्यांची नशा वाईट. त्यांनी पहिल्या रांगेकडे बोट केलं.

"आणि या भामट्याचं गिऱ्हाईक कोण? माझी सख्खी बहीण! मी जन्मभर शहाणपण वाटत फिरलो आणि दिव्याखाली हा अंधार! बघा, अजून हात जोडून उभी आहे!"

सगळं सभागृह अक्काकडे बघून हसलं. मघाशी जे तिच्याइतकेच फसले होते, ते सगळ्यात मोठ्यानं हसले.

अक्कानं हात सोडले. ती मंचाजवळ आली आणि फक्त भावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. "त्यानं माझ्या दुःखाचा धंदा केला, तम्मा. तू तमाशा केलास. मला तुम्ही दोघं बी सारखेच." आणि ती निघून गेली.

पुढच्या आठवड्यात सर शिकवणी वर्गातल्या सहशिक्षकांना ही विजयकथा पंगतीतल्या पुस्तकापासून रंगवून सांगत होते. मानसशास्त्र शिकवणाऱ्या बुद्धप्रिया मॅडम शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या बहिणीनं तुमच्याकडे पुस्तक मागितलं होतं ना? मग दिलं का नाही?"

"परामानसशास्त्राचं? मॅडम, थोतांडाची कसली पुस्तकं!"

"तुम्ही त्यातलं काय वाचलंय?"

सर खडूनं माखलेले हात झटकू लागले.

"म्हणजे तुम्ही न वाचता नाकारता आणि त्या न वाचता मानतात. फरक काय राहिला? अहो, परदेशातल्या विद्यापीठांत नव्वदेक वर्षांपूर्वीच यावर प्रयोग सुरू झाले. पाकिटबंद पत्ते ओळखायला लावून. कधी वाटलं, काहीतरी सापडलं. मग दुसऱ्यांनी नीट पहारा ठेवून तेच प्रयोग केले, तेव्हा ते हातातून निसटलं. हा सगळा इतिहास वाचण्यासारखा आहे. शास्त्र चुका कशा पकडतं, हे त्यातून जेवढं कळतं तेवढं तुमच्या जळत्या कापरातून कळत नाही!"

"पण शेवटी उत्तर 'नाही' असंच येणार ना?"

"बहुतेक तसंच. पण ते ज्याचं त्याला सापडायला हवं. तुम्ही तोंडावर फेकून मारलेलं 'नाही' कुणी घरी घेऊन जात नाही, सर. दुखावलेला माणूस मग सत्यमच्याच दारात जातो. त्याची निम्मी गर्दी तुम्ही पाठवलेली असते!"

हे वाक्य सरांना झोंबलं. त्या संध्याकाळी ते हट्टानं लातूरची दुकानं हिंडले. एका दुकानात त्यांना वशीकरण आणि हस्तरेषांच्या शेजारचा कप्पा दाखवला गेला. दुसऱ्या ठिकाणी भुताच्या गोष्टी पुढे केल्या. फोनवर शोधलं तर सत्यमचेच दहा भाऊबंद निघाले. शास्त्राचा शिक्षक असूनही सरांना सुरुवात सापडेना. मग भाकरी थापणाऱ्या, एकट्या पडलेल्या अक्कानं काय करावं! आपण जिला हसलो, ती सबंध लातुरात योग्य प्रश्न विचारणारी एकटीच होती, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या शहाणपणाची किळस आली.

बुद्धप्रिया मॅडमना सोबत घेऊन ते उदगीरला गेले. अक्का दारातच उभी राहिली.

"कामून आलास? हसायला अजून माणसं आणलीस का?"

"चुकलो, अक्का," सर म्हणाले. "तू मागितलं होतंस, ते घेऊन आलोय."

मॅडमनी पिशवीतून पुस्तकं काढली. मुक्त विद्यापीठाचं साध्या मराठीतलं मानसशास्त्र, त्यातली आठवण आणि भास यांवरची प्रकरणं आधी वाचायची. मग दोन पुस्तकं इंग्रजी, एक या गोष्टी खऱ्या मानणाऱ्या संशोधकाचं, दुसरं शंका घेणाऱ्याचं. "ही दोन्ही सर तुम्हाला मराठीत वाचून दाखवतील. त्यांनाही गरज आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि ताई, जे पुस्तक नुसते चमत्कार सांगतं, पण ते तपासले कसे हे सांगत नाही, ते खुशाल मिटून टाका."

मग दर रविवारी सर उदगीरला जाऊ लागले. बहीण-भाऊ वाचायचे, भांडायचे. अक्का अडवून विचारायची आणि सरांना कितीदा 'मला माहीत नाही' असं म्हणावं लागायचं. ते त्यांना आधी जड गेलं, मग बरं वाटू लागलं.

एका रविवारी वाचता वाचता अक्कानं त्यांना थांबवलं.

"तम्मा, यात लिहिलंय, खरं झालेलं तेवढंच माणसाच्या ध्यानात राहतं. मी हफ्ताभर त्याचाच इचार करून राहिले. हे बाहेरगावी गेले की मला नेहमीच हाक ऐकू यायची. मी दारात जायचे, रस्ता रिकामा असायचा. मग मी इसरून जायचे. त्या दिवशी तेवढं इसरता आलं न्हाई."

सरांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. एरवी त्यांनी इथं टाळी मागितली असती.

"वाईट वाटलं का, अक्का?"

"वाटलं की. पण लई हलकं बी वाटलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्यांनी हाक मारली आन मी दारातूनच माघारी फिरले, असं मला खात होतं रे. तसं काही नव्हतं. सारी उमर माझाच जीव त्यांची वाट बघून राहिला होता. हे मला त्या सत्यमनं सांगितलं असतं का?"

रामलिंग सर आजही व्याख्यानं देतात. सत्यमसारख्यांची गय ते आजही करत नाहीत, करूही नये. मागच्या महिन्यात मुखेडला एक तरुण भीत भीत उठला. "सर, टेलिपथीचा अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करावी?" सगळे खो खो हसले. सरांनी हात वर करून सभा गप्प केली आणि त्या तरुणाला मंचाजवळ बोलावून सावकाश सगळं सांगितलं. काय वाचायचं, आणि वाचताना कोणता प्रश्न विचारायचा.

बंधू-भगिनींनो, भोंदूचा बुरखा जरूर फाडा! पण ज्यानं पुस्तक मागितलं, त्याला हसू नका. प्रश्न विचारणारा माणूस अंधश्रद्धाळू नसतो, तो दोन दारांच्या मधे उभा असतो. आपण आपलं दार त्याच्या तोंडावर आपटलं, तर दुसरं दार उघडायला कुणीतरी टपलेलाच असतो.