नाटकातल्या भिंतीमागचा टेकू

ओ, इकडं! भिंतीच्या मागं बघा. पुढून दिसायचा नाय मी. मी टेकू बोलतोय, नाटकातल्या भिंतीला मागून धरून ठेवणारा. शिकलेली मंडळी मला ब्रेस म्हणतात. म्हणू द्या, माझं काय जातंय?

खुलताबादच्या रामकिसन सुतारानं दाराच्या चौकटी करून उरलेल्या सागवानातून मला घडवलं. डोक्याला लोखंडी आकडा, पायाला लोखंडी पट्टी. आकडा भिंतीत अडकवायचा, मला तिरपं उभं करायचं, पट्टीवर वजन ठेवायचं, झालं काम. आणि भिंत म्हणजे तरी काय? लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. पुढून रंग, मागून ठिगळं. पण बघणारे तिला घर समजतात अन् त्या घरातल्या माणसांसाठी रडतात. मला लई गंमत वाटते.

दत्तोपंतांनी मला संभाजीनगरात आणलं. त्यांची हौशी नाटकमंडळी. नट तेच, दिग्दर्शक तेच, सगळ्यांना चहा पाजणारेही तेच. आधी माझी पट्टी स्टेजवर खिळ्यानं ठोकायचे. मग थिएटरवाले ओरडायला लागले, फळ्यांना भोकं पाडू नका म्हणून. तेव्हा दत्तोपंतांनी धान्याच्या मोंढ्यातून जुन्या काट्याचं एक दणकट वजन आणलं. ते पायावर बसलं की मी निर्धास्त.

नट मंडळी माझ्यावर टॉवेल टाकायची, घामेजलेले शर्ट वाळत घालायची. राग यायचा हो! पण स्टेजवर जाण्याआधी मलाच घट्ट धरून संवाद पुटपुटायची. तळहात ओले गार असायचे बिचाऱ्यांचे. मग राग कुठला टिकतो?

एका रविवारी दुपारी नव्या एकांकिकेचा पहिला प्रयोग होता. मुख्य काम मोनिकाचं. लासूर स्टेशनची पोर, शिकायला शहरात आलेली. भिंत उभी झाली तशी ती माझ्याशेजारी येऊन आपल्या मैत्रिणीला, नीरजाला म्हणाली, "आज आबा येणार हायत. आजवर एकबी नाटक बघितलं नाय त्यांनी. बघतो अन् मग ठरवतो, म्हणले. नाय पटलं तर माझं नाटक बंद."

"पटेल गं त्यांना," नीरजा म्हणाली. ती विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करणार होती. "पहिल्या रांगेत कडेची खुर्ची ठेवलीय त्यांच्यासाठी."

मग नटराजाची पूजा. त्या दिवशी नारळ फोडायचा दगड काही सापडेना. दत्तोपंत तरातरा आले, माझ्या पायावरचं वजन उचललं आणि त्याच्यावरच नारळ फोडला. वर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. भिंती उभ्या करणारा प्रणय ते परत आणायला गेला, तर त्यालाच दटावलं, "अरे, पूजेला लागलंय ते! आता भिंतीच्या पायाशी कसं ठेवणार? राहू दे देवापाशी. एका प्रयोगानं काय होतंय?"

आता घ्या! देवाला काय कमी होतं, म्हणून माझं वजन त्याला दिलं?

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. मी कसाबसा उभा होतो. थोड्या वेळानं मागच्या दारानं कडूबा आत आले. मोनिकाचे वडील. गाडीला उशीर झालेला, काखेत पोरीसाठी भाकरीचा डबा, अन् वॉचमननं भलत्याच दारानं सोडलेलं. नीरजा कुजबुजली, "काका, बाहेरून पुढं जा, लवकर." ते वळले, आणि तिकडं स्टेजवर मोनिकानं रागाच्या प्रसंगात दार आपटलं.

भिंत पुढं झुकली. माझा पाय उचलला गेला. अरे देवा, आता ही सगळी पोरीच्या अंगावर जाणार! मी पुरता हादरलो.

कडूबांनी दाणकन पाय माझ्या पट्टीवर रोवला आणि सगळा भार टाकला. भिंत जागच्या जागी थांबली.

नीरजा पळत जाऊन देवापुढचं वजन घेऊन आली. "काका, पाय काढा, मी हे ठेवते. तुम्ही जा, नाटक बघा."

पण मोनिका आता त्याच दाराला पाठ लावून बोलत होती. नाटक संपेपर्यंत ती तिथून हलणार नव्हती. कडूबा हळूच म्हणाले, "पाय काढला अन् हाललं मंजी? पोरीचं ध्यान उडंल. ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण तुम्ही बघून ठरवणार होता ना?"

"व्हय. पण आता हितंच बरं हाय."

शेवटपर्यंत ते तसेच उभे राहिले. डोळ्यांपुढं नुसती ठिगळं. पलीकडून पोरीचा आवाज चढला की त्यांचा पाय माझ्यावर आणखी घट्ट बसायचा. आयुष्यात लई वजनं पेललीत मी, पण एवढ्या मायेनं कुणी दाबलं नव्हतं मला.

टाळ्या झाल्या, पडदा पडला. मोनिका मागं आली ती रडतच. "खुर्ची रिकामीच व्हती, नीरजा. आबा आलेच नाय." अन् मग तिला ते दिसले.

"आबा! तुमी हितं? मंजी नाटक बघितलंच नाय?"

"कुठलं बघतो! भिंत धरून ऱ्हायलो."

पोरीचा आवाज बारीक झाला. "मंग... काय ठरवलं?"

कडूबांनी डबा तिच्या हातात दिला. "बघितल्याबिगर कसं ठरवू? पुढल्या नाटकाला येतो."

त्यानंतर बरीच नाटकं झाली. मंडळींनी हलके लोखंडी स्टँड घेतले, माझ्या सागवानाला चीर गेली. तरी दाराच्या भिंतीला अजून मलाच लावतात, वजनासकट. दत्तोपंत आता नारळासाठी पिशवीत वेगळा दगड घेऊन येतात. आणि कडूबा दरवेळी डबा घेऊन थेट मागच्या दारानं आत येतात, त्या वजनावर पाय ठेवून उभे राहतात. प्रयोग संपला की म्हणतात, "आजबी बघायचं ऱ्हायलंच की!"

रामकिसनचे उपकार, दत्तोपंतांचे उपकार, अगदी त्या नारळाचेही उपकार. मला आणखी काही नको. फक्त एक ऐका. आमच्या नाटकाला आलात अन् पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी दिसली, तर तिच्यावर बसू नका. ती कडूबांची आहे.