आत्याचा कान

बाटल्यांच्या कारखान्यात फुटकी काच निवडणाऱ्या आत्याचा कान असा तिखट, की तुकडा दगडावर वाजवला की बाटली सरबताची होती की औषधाची, हे ती सांगे. औषध कडू होतं का, तेसुद्धा. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

डोळ्यांनी मात्र दगा दिला होता. दोन वर्षं तिला काच वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर नुसता उजेड वाहताना दिसे. स्वतःचा कान आणि शेजारी बसून ढोसणाऱ्या भाचीचं कोपर, यांवर ती निभावत होती. कारखान्यात कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसावं लागलं असतं.

त्या दुपारी भाची पाणी प्यायला उठली, आणि पट्ट्यावरून भट्टीकडे जाणाऱ्या गाडीत काहीतरी ‘टक्’ करून पडलं. बाकीची काच खणखणते. हा आवाज बोदा होता.

“भांड्याची काच गेली,” भाची परतताच आत्या म्हणाली. “आचेवर टिकणारी.”

भाचीचं तोंड उतरलं. ती काच भट्टीत वितळत नाही. नव्या बाटलीत खड्यासारखी राहते, आणि बाटली तिथंच तडकते. कुणाच्या तरी हातात.

“कुणी पाहिलं नाही गं. गप्प बस ना.”

“मी ऐकलंय.”

आत्यानं दोरी ओढली. पट्टा थांबला. पडक्या दातामुळे ज्याला सगळे शिट्टी म्हणत, तो मुकादम धावत आला.

“अख्खी गाडी खड्ड्यात ओतायची? मग तेवढीच वाळू नदीतून उपसा, वर भट्टीला जादा तेल जाळा! डोळे कुठं होते तुमचे?”

“दोन वर्षं झाली, दिसत नाही मला,” आत्या म्हणाली. “ओतू नका. मी शोधते.”

शिट्टीनं गाडी बाजूला काढायला लावली.

भाची तुकडा देई, आत्या दगडावर वाजवी. तीन दिवस. हातमोजे फाटले, बोटं चिरली. त्या तीन दिवसांत शिट्टी एकदाही ओरडला नाही म्हणतात. यावर मात्र कुणाचाच विश्वास बसत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी ‘टक्’ झालं. नखाएवढा तुकडा.

गाडीतली बाकीची काच भट्टीत गेली. शिट्टी खाली बघत म्हणाला, “आत्याबाई, उद्यापासून पट्ट्यावर...”

“ठाऊक आहे रे.” फाटके हातमोजे तिनं भाचीच्या मांडीवर ठेवले.

सकाळी भाची आत्याच्या जागेवर बसली आणि डोळे मिटून एकेक तुकडा वाजवू लागली. पट्टा तुंबला. शिट्टीनं ओरडायला तोंड उघडलं, मिटलं, आणि जाऊन पट्ट्याचा वेग कमी केला.