रजईखालचा अंतिम सामना

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, बावीस वर्षे मी कपाटाच्या वरच्या फळीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पडलो होतो. माझ्या पोटात एक कॅसेट तशीच राहिली होती. दुपारी घर शांत झाले की मला दारावरची थाप ऐकू येई. दाराशी कुणीच नसे. ती थाप माझ्याच पोटात होती.

माझा जन्म कारखान्यातला. पाच बटणे, कोपऱ्यात चाळणीसारखा लहानसा माइक, आणि एक लाल बटण. ते एकट्याने दाबले जात नाही, शेजारचे बटणही सोबत दाबावे लागते. या घरात मला दादाने आणले. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात आई, दादा आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण, एवढीच माणसे.

त्या वर्षी फुटबॉलची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. सामने दुपारी असत आणि दुपारी दादा कामावर. मग त्याने एक शक्कल लढवली. रेडिओ माझ्यासमोर ठेवायचा, दोघांवर जाड रजई घालायची आणि खोलीचे दार लावायचे. मी समालोचन गिळून घ्यायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ऐकायचे. तोवर निकाल कुणी ऐकायचा नाही, सांगायचा तर नाहीच. कॅसेट एकच होती. उद्याचा सामना कालच्या सामन्याला पुसून टाकी.

बाजू उलटायचे काम आईचे. पहिली बाजू संपून खट् आवाज झाला की घड्याळात पंधरा मिनिटे मोजायची आणि मध्यंतर सरल्यावर कॅसेट उलटायची. रजई उचलताना काही कानावर पडू नये म्हणून ती मोठमोठ्याने गुणगुणायची. सूर इतका बेताचा की मला रेडिओची दया येई.

खरी भीती होती समोरच्या घड्याळदुरुस्तीवाल्या काकांची. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सगळे त्यांना दवंडीकाका म्हणत. सामना संपायच्या सुमारास आई त्यांच्याकडच्या खिडक्या धडाधड लावून घ्यायची.

दादाचा लाडका संघ परक्या देशाचा. तो हरला की दादा ताटावर बसत नसे. आई म्हणायची, "ना नात्याचे ना गोत्याचे! ते हरले, तू कशाला उपाशी? चल, हात धू." मग तो मुकाट्याने जेवायचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

अंतिम सामन्याच्या दिवशी दादाला सुट्टी होती. आपला संघ त्याला पहिल्यांदाच थेट ऐकायला मिळणार होता. खेळाडू मैदानात उतरत होते तेवढ्यात निरोप आला, कुठेशी लिफ्ट अडकलीय. त्याने स्वतःच माझी बटणे दाबली आणि तो माझ्या माइकशी वाकून म्हणाला, "आई, मी येईपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही हं. आणि रजई नीट घाल."

पहिली बाजू संपली. आईने पंधरा मिनिटे मोजली, गुणगुणत रजई उचलली, कॅसेट उलटली, बटणे दाबली. आणि रजई घालणार तोच दारावर थाप पडली.

"मावशी, जरा चला माझ्याबरोबर," दादाचा मुकादम म्हणाला. "काय झालं?" असे विचारतच आई निघाली. चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. रजई जमिनीवर पडली होती. रिकाम्या खोलीत मी तो सामना ऐकत राहिलो आणि माझी फीत संपली.

दादा परतला नाही. माझ्यावर अभ्रा चढला. घरात फुटबॉलचे नाव निघाले नाही. मला मात्र अपराधी वाटत राहिले. जे ऐकले ते आपणहून विसरायची सोय माझ्यात नाही.

गेल्या महिन्यात आई धाकटीला म्हणाली, "त्याचा चेहरा आठवतो गं. आवाज आठवायला गेलं की दुसऱ्याच कुणाचा तरी येतो." धाकटीने मला खाली उतरवले. माझा रबरी पट्टा विरघळून चिकट झाला होता. दवंडीकाकांनी तो बदलला, चष्मा सावरत फीत वाचणारे माझे डोके पुसले, कॅसेट उलटून पहिली बाजू लावली आणि बटण दाबले.

"आई, मी येईपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही हं."

आईने दोन्ही हात टेबलावर घट्ट रोवले. पहिला अर्धा सामना तिने जागची न हलता ऐकला. एक-एक अशी बरोबरी होती. खट् झाले. धाकटी कॅसेट काढू लागली.

"उलट कर," आई म्हणाली.

मला वाटले, आत्ताच पुन्हा बिघडावे. दुसऱ्या बाजूवर काय आहे ते धाकटीला माहीत नव्हते.

"मला ठाऊक आहे त्यात काय आहे," आई म्हणाली. "मी होते ना तिथे."

तिचे बावीस वर्षांपूर्वीचे बेसूर गुणगुणणे आले. मग थाप. मुकादम. चपला. धाकटी ओक्साबोक्शी रडू लागली. आईने तिचा हात धरला, पण मला बंद केले नाही. रिकाम्या खोलीतला सामना पुढे सरकत राहिला. अजून बरोबरीच. शेवटची दोन-तीन मिनिटे उरली होती. समालोचकाचा आवाज चढला, कुणीतरी चेंडू घेऊन धावत सुटले, आणि खट्. फीत संपली.

आई दवंडीकाकांकडे वळली.

"भाऊजी, कोण जिंकलं हो?"

ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्या माणसाने बावीस वर्षे हे गिळून ठेवले होते.

"हरले, वहिनी. अगदी शेवटच्या मिनिटाला."

आईने मान हलवली. टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ती म्हणाली, "हरले तर हरले. चल, हात धू. जेवून घे."

ती थाप मला अजून ऐकू येते. पण आता ती ऐकणारा मी एकटा नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी फळीवर असेल. त्याला मुका समजून फेकू नका, त्याच्या पोटातले पुसू नका. त्याची धूळ झटका आणि कधीतरी शेजारी बसून दोन्ही बाजू ऐका. आणि उठताना तेवढी रजई नीट घाला.