घोड्याचे मागचे पाय

नाटक कंपनीत त्याला सगळे 'मागचे पाय' म्हणत. टोपणनाव म्हणून वाईट, पण वर्णन म्हणून चोख. ऐतिहासिक नाटकातल्या सेनापतीच्या घोड्यात मागची बाजू त्याची होती. पुढची, म्हणजे डोकं, मान आणि सगळा मानमरातब, मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ. त्याला कंपनीत चिकटवलं यानेच, आणि पठ्ठ्या आला तो थेट डोकंच बळकावून बसला.

कातडं चढलं की मागच्या पायांनी कंबरेत वाकायचं, मेहुण्याचा पट्टा धरायचा आणि नाक त्याच्या पाठीशी ठेवून अख्खा अंक काढायचा. मेहुण्याला कच्चा कांदा फार आवडे. कलेसाठी बरंच सोसावं लागतं म्हणतात, ते खोटं नाही.

एक दिवस नाट्यगृहाबाहेर नवा फलक लागला. 'घोडा' असं लिहून खाली एकट्या मेहुण्याचा फोटो.

"अरे, आणि मी?"

"भाऊजी, लोक चेहरा बघतात," मेहुणा म्हणाला. "शेपटीचा फोटो कोण लावतं?"

त्याच दिवशीच्या प्रयोगात सेनापतीने तलवार उपसली, "चल, शत्रू समोर उभा आहे!" म्हणून गर्जना केली, आणि घोडा मागून खाली बसला. पुढचे पाय लढाईला निघालेले, मागचे ढिम्म. मेहुण्याने आतून लाथा झाडल्या, दातओठ खाल्ले, पण बूड काही हलेना. प्रेक्षक हसून हसून बेजार झाले.

पडदा पडताच मॅनेजर धावत आला. मागच्या पायांनी राजीनाम्याचं भाषण मनात जुळवून ठेवलं होतं. मॅनेजरने मेहुण्याला मिठी मारली.

"काय डोकं चालवलंस रे! आता रोज बसव घोडा."

"सुचलं आपलं," मेहुणा विनयाने म्हणाला.

घरी आल्यावर याने तांब्या आपटला, मग पेला आपटला.

"अहो, भांड्यांनी काय केलंय?" बायको म्हणाली. "त्याला सरळ सांगा, आता मी पुढे."

"तुझाच भाऊ आहे तो."

"म्हणूनच सांगतेय. मी त्याचं कधीच ऐकलं नाही, माझं काही अडलं का?"

शेवटी सांगितलं तिनेच. ताईपुढे मेहुण्याची मान आपोआप खाली गेली आणि पुढच्या प्रयोगात घोड्याची पुढची बाजू भाऊजींना मिळाली.

डोकं भरल्या हंड्यासारखं जड निघालं. बघायला जबड्यातली फट, तीतून स्वतःचे बूट तेवढे दिसत. तरी एंट्रीला टाळ्या पडल्या आणि इतक्या वर्षांचा उपाशी माणूस त्या आवाजाच्या दिशेने नमस्कार करत निघाला. रंगमंच संपला, नमस्कार संपला नाही. घोडा खाली वादकांत, नेमका मोठ्या ढोलावर कोसळला. मेहुण्याने पट्टा सोडला नाही. आयुष्यात एकदाच त्याने भाऊजींना घट्ट धरलं, तेही तेव्हाच.

दोघांचा एकेक पाय प्लास्टरमध्ये गेला. मॅनेजरने चाकांचा लाकडी घोडा करून घेतला. तो कांदा खात नाही, फोटो मागत नाही, आणि नाटक आजही हाउसफुल्ल आहे.

"कलेची कदरच राहिली नाही," मेहुणा पलंगावरून म्हणाला.

"अगदी बरोबर बोललास," शेजारच्या खुर्चीतून भाऊजी म्हणाले. दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

"कलावंतहो," दारातून बायको म्हणाली, "जरा सरका, फरशी पुसायची आहे."