दुसरं व्हायोलिन

"घाबरण्यासारखं काही नाही," असं कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हाच पंपवाला घाबरला.

"आधी बारीक, उंच आवाज जातील. वर्षभरात बाकीचेही. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांशेजारी काढलीत, कान तरी किती सोसणार?"

"आणि मशीन लावलं तर?"

"बोलणं कळेल. गाणंबिणं मात्र पूर्वीसारखं नाही."

घरी येऊन त्याने बायकोची कॅसेट काढली. ती चौघांच्या संचात व्हायोलिन वाजवायची. ती होती तेव्हा हा कार्यक्रमाला जायचा तो डुलक्या काढायला. ती गेल्याला आठ महिने झाले, पण कॅसेट लावायची छाती झाली नव्हती. आता थांबून चालणार नव्हतं.

पंधरा दिवस त्याने रोज ऐकलं. सगळ्यांच्या वर जाणारं व्हायोलिन त्याला तोंडपाठ झालं. संचातल्या ताई भेटायला आल्या, तेव्हा त्याने त्यांनाही ऐकवलं.

"बघा, इथे कशी चढते ती!" त्याचे डोळे भरले होते.

ताईंनी कॅसेट थांबवली. "भावोजी, ती मी आहे."

"म्हणजे?"

"वरचं व्हायोलिन माझं. ती दुसरं वाजवायची. माझ्या खाली."

पंपवाल्याने कपाळावर हात मारला. "सव्वीस वर्षं संसार केला आणि रडलो तुमच्या सुरांवर?"

"रडलात ते बरं केलंत. माझ्या वाजवण्यावर आमच्या ह्यांना फक्त झोप यायची."

तो हसला नाही. "मग ती कुठंय?"

"चार पंप चालू असताना बिघडलेला कसा ओळखता?"

"बाकीचे मनातून बंद करतो. मोठा आवाज आधी."

"मग आधी मला बंद करा."

ताई काही लवकर बंद होईनात. सहाव्या खेपेला त्या बाजूला सरल्या. मग खालचा, जाड आवाजाचा चेलो सरला. मधे दोन वाद्यं उरली. त्यातलं एक दुसऱ्याला वाट देत, किंचित थांबून पुढे जात होतं. हा बूट घालेपर्यंत ती अशीच दार धरून उभी राहायची.

"हीच," तो म्हणाला.

ताईंनी मान हलवली.

तो श्वास रोखून तिच्या मागे मागे गेला. एकाएकी ती नाहीशी झाली. त्याने ताईंचा हात घट्ट धरला.

"ताई, ती थांबली की माझा कान गेला?"

"थांबलीय. तिथे चार मात्रा गप्प बसायचं असतं तिला."

तो हुश्श झाला. ती परत आली, वर चढली, आणखी वर गेली आणि पुन्हा दिसेनाशी झाली.

"आता थांबली ना?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"नाही, भावोजी. वाजवतेय."

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर तिला अजून शोधायचं राहिलं होतं.