हालास की कालास

छापखान्याला लाखेचा शिक्का मारायला आलेला माणूस बुटका होता आणि दाराची वरची कडी उंच. तिहामेरनं टेबलामागची स्वतःची खुर्ची उचलून दारापाशी नेली आणि ती डगमगू नये म्हणून पाठीला धरून उभा राहिला. माणूस बुटांसकट खुर्चीवर चढला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, खाली उतरून त्यानं बूट काढले आणि पुन्हा चढला.

"आत चार ओळी जुळवून ठेवल्या आहेत," तिहामेर म्हणाला. "तेवढ्या छापू द्या. यंत्र लागणार नाही, हातानं दाबून होतील."

"कसल्या ओळी?"

"दुरुस्ती आहे. एक नाव चुकलंय."

माणसानं दोरीच्या गाठीवर लाख ओघळू दिली, तिच्यावर फुंकर घातली.

"चार ओळी म्हणजेसुद्धा वर्तमानपत्रच झालं हो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. उतरल्यावर त्यानं आपल्या रुमालानं खुर्ची पुसून दिली.

'तिस्ताश' असा बंद झाला. तिस्ताश म्हणजे दाट रानातली मोकळी जागा, जिथं थांबून माणूस वर आभाळ बघतो. युद्ध संपून वर्ष होत आलं तेव्हा देब्रेत्सेन शहरात डॉ. सेरेंची नावाच्या वकिलानं तो काढला आणि चौदा महिने चालवला. सरकार चुकलं तर छापायचं, विरोधक चुकले तर छापायचं, आणि आपण चुकलो तर सगळ्यात आधी छापायचं, असा त्याचा हट्ट. दुरुस्तीची चौकट पहिल्या पानावर, नावाच्या खालीच असे. दुसरे पेपर तिला 'माफीनामा' म्हणून हसत. पण गावात लोक पेपर हातात पडला की आधी ती चौकट वाचत. मग वरून मिळणारा कागद कमी होत गेला. आठ पानांची चार झाली, चाराची दोन, आणि त्या गुरुवारी कागदाऐवजी हा लाखवाला आला. डॉ. सेरेंची मंगळवारपासून दिसला नव्हता. कुणी म्हणे व्हिएन्नाच्या गाडीत बसला, कुणी म्हणे त्याला बसवला.

तिहामेर तिथला मुद्रितशोधक. बावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका वेचत आला होता, आणि आत अडकलेल्या चार ओळींतली चूक त्याची स्वतःची होती.

त्या उन्हाळ्यात रशियातून युद्धकैदी परत येऊ लागले होते. त्यांच्या गाड्या देब्रेत्सेनला थांबत, आणि पुढच्या बुधवारी कोण येणार त्यांची नावं शहरातल्या नोंदणी-छावणीतून फोनवर सांगितली जात. खरखरणाऱ्या फोनवर 'हा' आणि 'का' सारखेच ऐकू येत. वेंडेल नावाच्या म्हाताऱ्या जुळाऱ्यानं अक्षरांचे खिळे जुळवले होते: कालास इम्रे, जन्म १९२१. तिहामेरनं 'का' खोडून समासात 'हा' लिहिला. हालास म्हणजे कोळी; दर गल्लीत दोन हालास सापडतील. कालास म्हणजे कणीस.

"कणीस कुणाचं आडनाव असतं का रे?" तो वेंडेलला म्हणाला होता.

"असतं कुणाकुणाचं," वेंडेल म्हणाला आणि त्यानं अक्षर बदललं.

पाच दिवसांनी छावणीची लेखी यादी आली. तिच्यात 'का' होता. त्याच टपालात नादाश गावाहून जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं एक कार्ड होतं. विधवा हालास पिरोश्कानं कळवलं होतं, तुमच्या पेपरात माझ्या इम्रेचं नाव वाचलं, बुधवारी स्टेशनवर जाते आहे, देव तुमचं भलं करो. ते कार्ड गुरुवारी सकाळी तिहामेरच्या हातात पडलं. बुधवार उलटून गेला होता.

शुक्रवारी तो नादाशच्या गाडीत बसला. दोन डब्यांची गाडी माळावर सावकाश जात होती, जणू तिला कुठं पोचायचंच नव्हतं. तो एकटाच उतरला. स्टेशनाबाहेर ना झाड ना घर, फक्त पिवळं गवत आणि दूरवर पाणी. पाण्यावर एक चर्च उलटं टांगलेलं होतं, त्याच्याही वर बुंधे आभाळात खुपसलेली झाडं. छापण्याआधी खिळे असतात तसं सगळं गाव उलटं. तिहामेरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चर्च तिथंच होतं. वारा आला की त्याचा कळस पाण्यात विरघळे आणि पुन्हा जुळून येई.

करड्या गुरांमागं एक गुराखी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तिहामेरनं त्याला विचारलं, ते नादाश का?

"नादाशच आहे," गुराखी म्हणाला. "पण तिथं नाहीय. तुम्ही आपले ह्या चाकोरीनं चला."

चाकोरीनं चालता चालता तो बोलायची वाक्यं जुळवत होता. बाई, एक चूक झाली. बाई, आमच्याकडून एक चूक झाली. 'आमच्याकडून' त्यानं खोडलं. उन्हानं डोकं हलकं झालं होतं. आपण चालतोय की माळच पायाखालून मागं सरकतोय, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. पुढचं मृगजळाचं पाणी पावलागणिक मागं हटत होतं.

घर सापडलं ते गावाच्या टोकाला. कुंपणावर उकळून पिळलेला सैनिकी सदरा वाळत होता आणि शेजारी पायाला गुंडाळायच्या दोन चिंध्या. तिहामेरचे पाय तिथंच थांबले. तुतीखाली एक साठीची बाई मांडीवर परात घेऊन आंबट चेरीच्या बिया काढत बसली होती. त्याला बघून तिनं लाल झालेलं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला. झोपलाय."

जुळवलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. ह्या बाईनं स्टेशनवरून कुणाला तरी आणलं आहे आणि ती त्याला मुलगा समजते आहे, असं तो समजला. दोन पावलं मागं सरून निघून जावं असंही त्याच्या मनात आलं. पण तिनं बाकावर जागा केली होती, आणि तो बसल्यावर त्याच्या हातात चेरीची वाटी आणि एक केसाचा आकडा दिला. बिया काढायला तिथं तोच वापरत.

"मावशी, मी तिस्ताशमधून आलोय," तो वाटीकडं बघत म्हणाला. "तुमच्या मुलाचं नाव मी छापलं. जुळाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं. मी ते चुकवलं."

"माहितीय," ती म्हणाली. "बी अशी ओढू नका, फिरवून काढा."

मग तिनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मधूनमधून घराकडं कान देत. ती मंगळवारीच देब्रेत्सेनला गेली आणि रात्रभर स्टेशनच्या बाकावर बसून राहिली. बुधवारी सकाळी गाडी आली. माणसं उतरली, नावांचे पुकारे झाले, रडणं झालं, दुपारपर्यंत फलाट रिकामा झाला. पुढच्या गाडीत असेल, म्हणून ती बसूनच राहिली. संध्याकाळी तिनं पाहिलं तर पंपापाशी लाकडी पेटीवर अजून एक जण बसलेला. सकाळच्याच गाडीतला. तो आपल्या गल्लीत जाऊन आला होता. तिथं गल्ली नव्हती. चव्वेचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात घर गेलं, घरात बायको होती. आता गवत उगवलं होतं आणि त्यात कुणाची तरी शेळी बांधलेली. दुसरीकडं कुठं बसावं हे न कळून तो परत स्टेशनवर आला होता.

तिनं त्याला नाव विचारलं. तो इम्रे म्हणाला.

इथं पिरोश्कानं दोनतीन चेरींच्या बिया काढून परातीत टाकल्या.

"मग मी आडनाव विचारलं," ती म्हणाली.

तिहामेरनं मान खाली घातली.

"मी आई आहे हो. मला माझं पोर ओळखू येणार नाही का? माझ्या इम्रेचे कान किटलीच्या दांड्यांसारखे. ह्याचे बघा उठल्यावर, अगदी चिकटलेले." ती तोंडाला हात न लावता मोकळं हसली, आणि लगेच घराकडं बघून गप्प झाली. "पण दोन दिवस बसले होते मी तिथं. रिकाम्या हातानं घरी कशी येणार?"

तुतीवरून एक पिकलेलं फळ परातीत पडलं. तिनं ते उचलून तोंडात टाकलं. आज दुरुस्ती यायची होती का, असं तिनं विचारलं. यायची होती, तो म्हणाला, पण पेपर काल बंद झाला.

तिचा हात थांबला. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिला धक्का बसल्यासारखा वाटला.

"चांगला होता," ती म्हणाली. "चुकायचा, पण सांगायचा." मग पुढची चेरी उचलत, "आता पुढच्या बुधवारी कोण येतंय ते आम्हाला कळायचं कसं?"

तिहामेरनं सांगितलं, यादी छावणीच्या फाटकावर चिकटवतील. शहरातल्यांना बरं आहे, ती म्हणाली. आणि तिथं जाऊन तरी गर्दीच्या मागून माझ्या डोळ्यांना ते बारीक दिसतंय होय. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

घराचं दार उघडलं. आला तो माणूस हडकुळा, डोकं भादरलेलं, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी सदरा. बाह्या मनगटाच्या खाली लोंबत होत्या. कान खरंच चिकटलेले होते.

"हे पेपरवाले," पिरोश्का म्हणाली. "ह्यांनीच केलं ते."

तिहामेर उभा राहिला. वाटी हातातच होती. कालास त्याच्याकडं बघत राहिला, झोपेतून नीट बाहेर न आलेला माणूस बघतो तसा. मग खाली गवतावर बसून त्यानं परातीतून मूठभर चेरी घेतल्या.

"माझं नाव नीट छापलं असतं," तो म्हणाला, "तरी कुणी आलं नसतं."

समजूत घालायला बोलला नाही तो. हवा कशी आहे ते सांगावं तसं बोलला. तिहामेर हळूच खाली बसला. तिघांनी सगळ्या बिया काढल्या. दुपारी पिरोश्कानं चेरीचं गार सार वाढलं, वर साय घालून. कालासनं तीन वाट्या घेतल्या आणि चौथी घेताना तिच्याकडं बघितलं. तिनं नुसती पळी पुढं केली. परतताना तिहामेरला माळावर पाणी दिसलं नाही. ऊन कललं होतं आणि चर्च आपल्या जागी, सरळ उभं होतं.

पुढच्या मंगळवारी तो छावणीच्या फाटकावर गेला. उद्याच्या गाडीच्या यादीसमोर दीडदोनशे माणसं दाटली होती; पुढचे वाचत होते, मागचे त्यांच्या खांद्यांवरून काय दिसलं म्हणून विचारत होते. तिहामेर वाट काढत पुढं गेला, चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचू लागला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. कुजबुज थांबली. मागं कडेला पिरोश्का उभी होती, डोक्यावरचा रुमाल कानांवरून मागं सारून, आणि तिच्या शेजारी कालास.

यादी टंकलेखन यंत्रावरची होती, कार्बनची चौथी की पाचवी प्रत. सदतिसाव्या नावाशी तो अडखळला. पहिलं अक्षर फुटून पसरलं होतं. त्यानं नाक कागदाला लावलं. ते 'वे' होतं, किंवा 'बे' होतं. एका बाजूनं बघितलं की तसं, दुसरीकडून असं. बावीस वर्षांत त्यानं असं अक्षर कधी तसंच सोडलं नव्हतं. दर वेळी एक काय ते ठरवून मोकळा झाला होता.

"वेरेश यानोश," त्यानं वाचलं. "किंवा बेरेश यानोश."

"दोन्ही कसे?" मागून एक जण म्हणाला. "एक काय ते सांगा ना."

"मला ओळखता येत नाहीय," तिहामेर म्हणाला.

मग डावीकडून काळ्या शालीतली एक बाई वाट काढत बाहेर पडली आणि उजवीकडून दुसरी, थोडी तरुण. फाटकाबाहेर दोघी थांबल्या, एकमेकींकडं बघितलं. मग तरुण बाईनं म्हातारीच्या हातातली टोपली घेतली, आणि दोघी स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.

तिहामेरनं अडतिसावं नाव वाचलं.