तळ्याला धरून ठेवणारा खुंटा

मी एक जुना खुंटा आहे, होडी बांधायचा. आणि आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. समोर मेंढ्या पाणी पिताहेत ते तळं दिसतंय ना? ते मी धरून ठेवलं आहे. एकट्याने. माझ्या दोराला बांधलेली ही होडी सगळ्याला साक्षी आहे. मात्र माझं पुरं होईपर्यंत तिने मध्ये तोंड घालायचं नाही, असं आमच्यात ठरलेलं आहे.

तर मित्रांनो, मला तासलं एका नावाड्याने. खालचं टोक निमुळतं केलं, विस्तवावर भाजलं, डांबर पाजलं आणि मला नदीच्या उतारावर ठोकलं. तिथून तो माणसं पलीकडे न्यायचा. एका पुरात नदीने होडी अशी ओढली की दुसरा कोणी असता तर मुळासकट उपटला असता. मी हललो नाही. उलट मीच असा जोर लावला की पलीकडचा काठ हातभर अलीकडे आला. तेव्हापासून नावाड्याला वल्ही कमी मारावी लागत. लोकांना वाटायचं, दंडात ताकद आली. तोही काही बोलायचा नाही. भला माणूस.

पुढे नदीवर पूल झाला आणि उतारावर कोणी येईना. नावाड्याचे गुडघे तोवर कामातून गेले होते. त्याची मुलगी दूर माळावर मेंढ्या पाळायची. ती येऊन आईबापाला घेऊन गेली. होडी आणि मी, आम्हीही त्याच गाडीत. माळावर होडी उलटी घालून तिच्याखाली कोंबड्या ठेवल्या. मला भिंतीशी टेकवलं आणि माझ्यावर ओली गोणपाटं वाळत घालू लागले. ज्याने पूर अडवला, त्याच्यावर गोणपाटं. पण माझं सोडा. नावाड्याकडे बघवत नव्हतं. तो दिवसभर दारात बसायचा, पाठ माळाकडे करून. जेवण अर्धं ठेवायचा.

“सगळं बोलणं नदीपाशी सांडून आलेत,” त्याची बायको मुलीला म्हणायची. “माझ्या वाट्याला नुसतं हं आणि हूं.”

एक दिवस तो बोलला. “मी परत जातो. पुलाखाली एक खोली आहे.”

“एकटे राहणार? त्या गुडघ्यांवर?” मुलीने विचारलं.

“पाणी ऐकू आलं की झोप तरी लागेल.”

मुलगी मेंढ्यांच्या मागे निघून गेली. संध्याकाळी आली ती म्हणाली, “बाबा, पावसाळा सरेपर्यंत थांबा. मी पाणी इथं आणते. नाहीच आणता आलं, तर मी स्वतः तुम्हाला पोचवीन.”

घराच्या खालच्या अंगाला जमीन बशीसारखी खोलगट होती. तिथे खोदकामाचं मशीन आलं. मशीनवाला वाकून माती हातात घेऊन म्हणाला, “ताई, खाली नुसता मुरूम आहे. ह्यात पाणी म्हणजे चाळणीत पाणी.”

“वरून चिकणमाती पसरणार.”

“पसरून भागत नाही, ती मळावी लागते. कोण मळणार एवढी?”

तिने मेंढ्यांकडे बोट दाखवलं. मग उतारावर बांध घातला, जादा पाण्याला एका बाजूने सांडवा ठेवला, आणि तळाशी चिकणमातीचा जाड थर दिला. त्यावर पाणी शिंपडून सगळा कळप गोल गोल फिरवला. मेंढ्यांच्या खुरांनी माती अशी बसली की भाकरीच्या पिठाने लाजावं. मशीनवाला मशीन बंद करून बघत बसला.

आता माझा भाग. नावाड्याचा जन्माचा एक नेम होता. आधी खुंटा, मग दोर, मग पाणी. खुंटा पक्का झाल्याशिवाय त्याने होडी कधी पाण्याला लावली नव्हती. सगळे जेवायला बसले असताना तो उठला, मला खांद्यावर घेतलं आणि तळ्याच्या ऐन मधोमध, सगळ्यांत खोल जागी घणाने ठोकलं. माझं टोक थेट मुरमात जाऊन बसलं.

मुलीने दारातून पाहिलं. बापाने किती दिवसांनी घण उचलला होता. “मारू दे,” ती आईला हळूच म्हणाली. “काही बोलू नकोस.”

मग जवळच्या ओढ्यापासून काढलेल्या पाटाचं तोंड मोकळं केलं. पाणी माझ्या घोट्यांना लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. होडी सुलटी होऊन पाण्यात उतरली. नावाडी तिच्यात बसला आणि त्या दिवशी ताट धुतल्यासारखं करून जेवला.

पण पाऊस उघडला, ओढा आटला आणि पाणी उतरू लागलं. वारा होडीला हेलकावे देई, होडी मला ओढी, मी थोडा डुलत असे, आणि पाणी रोज आणखी खाली. मुलगी सगळा बांध चाचपून आली. बाहेरून कोरडा ठणठणीत. मशीनवाला म्हणाला मेंढ्यांनी नीट मळलं नाही, नावाड्याची बायको म्हणाली मेंढ्यांनी मशीनवाल्यापेक्षा बरं काम केलं. खरं सांगायचं तर, मी होतो म्हणून ते रोज थोडंथोडं गेलं. मी नसतो तर एका दमात गेलं असतं.

नावाड्याने गाठोडं बांधलं.

“जायचं तर जा,” बायको म्हणाली. “पण होडी उलटी घालून जा. कोंबड्या उघड्यावर पडल्यात.” बोलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तो होडीकडे आला. आता फक्त माझ्याभोवती डबकं उरलं होतं, आणि होडी चिखलात कलली होती. तो गुडघ्यांवर रांगत माझ्यापर्यंत पोचला, आणि माझ्या बुंध्याशी हात घालून तसाच थांबला. होडीच्या तळाला चीर पडली की ती तो हातानेच शोधायचा, डोळे मिटून. आताही त्याने डोळे मिटले होते. मग तो हसू लागला. चिखलात बसून, खांदे हलेपर्यंत.

“ए पोरी,” त्याने हाक मारली, “मेंढ्या घेऊन ये.”

मी काय समजायचं ते समजलो. म्हातारा माझा निरोप घ्यायला आला होता आणि माझी थोरवी बघून त्याचं मन फिरलं. त्याने मला मिठी मारली, हलवलं, वर काढलं आणि मानाने इथे काठावर आणून उभं केलं, तळ्यावर नीट लक्ष ठेवता यावं म्हणून. माझ्या जागी चिकणमाती ठासून भरली, मेंढ्या पुन्हा फिरवल्या. परतीच्या पावसात ओढा वाहिला, तळं भरलं, आणि मी नजर ठेवून असल्यामुळे त्यातलं पाणी आजतागायत हललेलं नाही. गाठोडंही सुटलं. त्याच्या फडक्याने नावाडी आता वल्ही पुसतो.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका. आम्हाला वर्षातून एकदा डांबर द्या, आमच्यावर गोणपाटं वाळत घालू नका. एखादा खुंटा मुकाट्याने केवढं तळं सांभाळत असतो, हे तुम्हाला कुठे…

“पुरे,” होडी म्हणाली. “तळ्याला भोक एकच होतं, आणि त्यात तू उभा होतास.”